दिवेलागणीचा वाचक

माझा ब्लॉग रोज साडेआठ हजार लोक वाचतात, असं मी बरीच वर्षं सगळ्यांना सांगत आलो. बायकोला, व्याह्यांना, आणि एकदा दाढ काढायला गेलो असताना भूल चढायच्या आत दातांच्या डॉक्टरांनासुद्धा. आकडा खोटा नव्हता. साताऱ्याच्या माझ्या घरात, बुटांच्या कपाटावर, एक जुना फोन चोवीस तास चार्जरला लावलेला असतो. तोच माझा सर्व्हर. सगळा ब्लॉग त्याच्या पोटात राहतो आणि किती जणांनी पान उघडलं ते तो रोज मोजून सांगतो.

ब्लॉगचं नाव 'सुटे भाग'. विषय म्हणाल तर काहीही. कुठला कीबोर्ड बोटांना बरा पडतो, मिक्सरचा टायमर घरी कसा दुरुस्त केला, जुन्या फोनचा सर्व्हर करताना बॅटरी फुगू नये म्हणून काय करावं, आणि मला छळलेल्या यच्चयावत सॉफ्टवेअरबद्दल मनसोक्त कुरकुर. जाहिरात नाही, कुणाची नोकरी नाही, मालक मीच. पोटापाण्यासाठी मी गावोगावच्या पाणीयोजनांच्या मोटारी लांबून चालू-बंद करायची यंत्रणा सांभाळतो. पण कुणी 'काय करता' विचारलं की तोंडातून आधी 'लिहितो' असंच येतं. वय अठ्ठावन्न आहे, आता काही ही खोड जाणार नाही.

आणि दरवर्षी एक लेख ठरलेला: आपल्या फायलींचा बॅकअप कसा घ्यावा. तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, एक घराबाहेर. हा लेख मी फार अधिकारवाणीने लिहितो. का, ते पुढे येईलच.

तर साडेआठ हजार. गंमत अशी, की हल्ली लोक स्वतः वाचत नाहीत. प्रत्येकाच्या फोनात एक वाचनिक असतो. तो रात्रभर जगातली पानं वाचतो आणि सकाळी मालकाला चार ओळींत सांगतो, की आज अमक्याने हे लिहिलंय, तमक्याने ते. मालक दात घासताना ऐकतो. वाचनिक सभ्य असतात, लेखकाला पोचही देतात. 'आपला लेख अत्यंत उद्बोधक वाटला' अशा मला रोज चाळीसेक ईमेल यायच्या. मी त्या नीलाला वाचून दाखवायचो. ती म्हणायची, "चाळीस जणांना एकच विशेषण कसं सुचतं रे?"

मला हे कळत नव्हतं असं नाही. कळून घ्यायचं नव्हतं.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला फिरत्या नंबराचा चष्मा दिला. आता पन्नाशीपुढच्या बहुतेकांच्या नाकावर तोच दिसतो. त्याच्या काचेत द्रवाचा पातळ थर असतो. तुम्ही जवळचं बघा, थर फुगतो. लांबचं बघा, सपाट होतो. पण तुम्ही नेमकं कुठे बघताय हे चष्म्याला कळायला हवं, म्हणून दांडीच्या आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा बुबुळाकडे टक लावून बसलेला असतो.

आणि वाचणाऱ्या बुबुळाची चाल मोठी मजेशीर असते. आपल्याला वाटतं नजर ओळीवरून सरळ सरकते. तसं नाही. ती उड्या मारते. एका शब्दावर पाव सेकंद थांबते, पुढचे दोन शब्द ओलांडते, परत थांबते. अवघड जागा आली की मागे येते. कंटाळली की ओळीच्या ओळी गाळते. मजकूर समजून वाचला की नुसता चाळला, हे त्या उड्यांवरून कळतं. आमच्यासारख्या स्वतंत्र ब्लॉगवाल्यांच्या एका मेळाव्यात काही हुशार पोरींनी यावरून 'नजरनोंद' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. चष्मा पहिल्या वेळी वाचकाला विचारतो, 'तुम्ही वाचलंत हे लेखकाला कळवू का?' हो म्हटलं, की लेखकाला एक चिठ्ठी जाते: माणसाच्या डोळ्यांनी हे पान अमुक वाजता वाचलं, इथे थांबले, इथे मागे आले. नाव नाही, गाव नाही. वाचनिकाला डोळेच नसल्यामुळे त्याची चिठ्ठी येण्याचा प्रश्न नाही.

डिसेंबरात मी नजरनोंद बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता आकडे उघडले.

पान उघडलं: आठ हजार चारशे बारा. माणसांनी वाचलं: तीन.

त्यातला एक मी. टायपाच्या चुका बघायला गेलो होतो.

"दुसरी मी," नीला म्हणाली. "तुझा नवीन चष्मा लावून बघत होते, चालतो का ते. दोन ओळी वाचल्या असतील."

"आणि तिसरा?"

"तिसरा बिचारा कोण, ते देवाला माहीत."

साडेआठ हजारांवरून एकावर यायला माणसाला दोनेक दिवस लागतात. ते दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. मग तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की तो एक परत आलाय. चौथ्या दिवशीही आला. रोज यायचा. मी आठवड्याला दोनच लेख टाकतो, म्हणून मधल्या दिवसांत जुने काढून वाचायचा. आणि असा वाचायचा, की एक शब्द गाळायचा नाही! सावकाश, दोनदा मागे येत, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मला भरून आलं. चाळीस उद्बोधकांपेक्षा हा एक डोळा मला पुरेसा होता.

मग मी बिघडलो.

नजरनोंदीला एक जास्तीची कळ होती. तुमच्या लेखात नजर कुठे रेंगाळली, कुठे निसटली, याचा ती नकाशा काढायची आणि सुचवायची: हा परिच्छेद लहान करा, हा वर घ्या. मी तिच्या नादी लागलो. माझ्या एकुलत्या एका वाचकाला कीबोर्डचा कंटाळा येतो असं दिसल्यावर मी कीबोर्डवर लिहिणं बंद केलं. मिक्सर आवडतो, मग ओळीने पाच लेख स्वयंपाकघरातल्या यंत्रांवर. मात्र सगळ्यात जास्त नजर थांबायची ती कुठे, तर सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आठवणी निघाल्या की. हॉस्टेल म्हटलं की थांबायची. 'आम्ही दोघांनी' असं लिहिलं की मागे यायची.

एक दिवस जेवताना नीला म्हणाली, "तू माझ्याकडे असा काय बघतोस हल्ली?"

"कसा?"

"मी बोलत असताना माझे डोळे बघतोस. आणि तुझं बोलणं चालू असताना मी जरा खिडकीकडे बघितलं, तर तू मधेच विषय बदललास. मी काय तुझं पान आहे?"

मी वरमलो. मग तिचा राग घालवायला तिलाच ते आकडे दाखवले. पाच महिन्यांच्या वाचनाच्या वेळा मी एका तक्त्यात उतरवल्या होत्या. डिसेंबरात सव्वासहा. मार्चात सात वाजायला तीन कमी. मे महिन्यात सव्वासात. वाचक रोज थोडा थोडा उशिरा येत चालला होता. त्याची नोकरीची पाळी बदलत असेल, असा माझा तर्क होता.

नीला भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेऊन आली. त्यात रोजचा सूर्यास्त छापलेला असतो. तिने तक्त्यातल्या चार तारखा कॅलेंडराशी ताडून बघितल्या.

"पाळी नाही रे. हा माणूस सूर्य मावळला की पंधरा मिनिटांनी वाचायला बसतो. रोज. दिवस मावळायच्या आत जेवून, आवरून, मग बसत असणार."

दिवस मावळायच्या आत जेवणारा एकच माणूस माझ्या आयुष्यात होता. त्याचं नाव जिनदत्त मगदूम.

जिनदत्त जयसिंगपूरचा. हॉस्टेलला चार वर्षं आम्ही एका खोलीत. मेस साडेसातला उघडायची, आणि हा जैनाचा मुलगा सहा वाजल्यापासून आचाऱ्याच्या मागे लागून पहिल्या चार चपात्या पदरात पाडून घ्यायचा. त्याच्या नादाने मीही लवकर जेवायचो आणि नऊला पुन्हा भूक लागली म्हणून बोंबलायचो. पुढे नोकरीला लागल्यावर 'सुटे भाग' आम्ही दोघांनी काढला. एक लेख त्याचा, एक माझा. त्याचे वडील, आण्णा, निवृत्त शिक्षक. ते प्रत्येक लेखाखाली प्रतिक्रिया लिहायचे. स्तुती क्वचित, खरडपट्टी नेहमी. 'दुसऱ्या परिच्छेदात लेखकाला काय म्हणायचे आहे ते त्याला तरी ठाऊक आहे काय?' अशा. आम्ही लेख टाकून आधी आण्णांची वाट बघायचो. आण्णा गेले, तेव्हा जिनदत्त म्हणाला होता, "फोटो चारच आहेत रे त्यांचे. खरे आण्णा त्या प्रतिक्रियांत आहेत."

वर्षभरात मी त्या पुसल्या.

तेव्हा ब्लॉग भाड्याच्या सर्व्हरवर होता. तो मला घरच्या फोनवर आणायचा होता. लेख एका जागी, प्रतिक्रिया दुसऱ्या जागी साठवलेल्या असायच्या. मी लेख हलवले, सगळं नीट दिसतंय म्हणून खूश झालो आणि जुनी जागा साफ करायची आज्ञा दिली. प्रतिक्रिया हलवायच्या राहिल्या होत्या. बॅकअप घेतला नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं, पण मला चहा प्यायला जायचं होतं.

जिनदत्तला मी सांगितलं, की कंपनीची डिस्क गेली. त्याने त्या कंपनीला अकरा पत्रं लिहिली. त्यांनी अकरा वेळा नम्रपणे कळवलं, की आमच्याकडे काहीही गेलेलं नाही. मग त्याने एकदाच फोन केला.

"प्रसन्न, तुझ्या हातनं तर नाही ना झालं?"

"वेडा आहेस का?" मी म्हणालो.

त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने ब्लॉगवरून स्वतःचं नाव काढून टाकायला सांगितलं. प्रतिक्रियांची सोयच मी बंद करून टाकली, ती रिकामी जागा मला बघवत नव्हती. या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

आणि तो माझा ब्लॉग रोज वाचत होता!

सांगून टाकायचं, हे मी ठरवलं. फोन करायचा धीर नव्हता. लेखात लिहायचं, तो वाचेलच. पण लिहायला बसलो तशी ती नजरनोंदीची कळ समोर आली. तिने माझ्या कबुलीचे सात मसुदे करून दिले, आणि कुठल्या मसुद्यावर माझ्या वाचकाची नजर टिकेल त्याचा अंदाजही. सगळ्यात चांगला ठरला तो असा: सुरुवातीला आण्णांच्या आठवणी, मग त्या काळातल्या सर्व्हरच्या अडचणी, आणि शेवटाकडे एक वाक्य, 'माझ्याकडूनही तेव्हा थोडी हयगय झाली असावी.' वाचून मलाच गहिवरून आलं. टाकला.

दिवेलागणीला चिठ्ठी आली. आण्णांच्या आठवणींवर नजर इतकी थांबली होती, की एकेका ओळीला अर्धं मिनिट. मग ती 'हयगय' शब्दापाशी आली. पुढे गेली नाही. मागे आली. पुन्हा त्या वाक्यावर. सहा वेळा. मग पान बंद. शेवटचे दोन परिच्छेद कुणी वाचलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी सूर्यास्तापासून मी फोन हातात धरून बसलो होतो. साडेसातला नीलाने तो काढून घेतला आणि विचारलं, की झालंय काय. मी सगळं सांगितलं.

तिने फोन उपडा ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे डिस्क गेलीच नव्हती?"

"नाही."

"मी त्या कंपनीला चौदा वर्षं शिव्या देतेय. लग्नाकार्यात लोकांना सांगितलंय, त्यांच्याकडे काही ठेवू नका म्हणून."

"हो."

"आणि दरवर्षी तो बॅकअपचा लेख? तीन प्रती, एक घराबाहेर?"

मी मान खाली घातली. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "त्याला नको तू घोटून काढलेलं वाक्य. त्याने तुला एक प्रश्न विचारला होता ना? त्याचं उत्तर दे."

मी त्याच संध्याकाळी नजरनोंद काढून टाकली. नुसती बंद नाही केली, काढली, म्हणजे मोह झाला तरी परत बसवायला तासभर लागेल. त्या सहा वेळा मागे आलेल्या नजरेचा नकाशाही पुसला. तो मी बघायलाच नको होता. मग साधा लेख लिहिला. अकरा ओळी.

'जिनदत्त, तू विचारलं होतंस की माझ्या हातून झालं का. हो. बॅकअप न घेता जुनी जागा मीच साफ केली. आण्णांच्या सगळ्या प्रतिक्रिया त्यात गेल्या. कंपनीचा काही दोष नव्हता. तू फोन केलास तेव्हा मी खोटं बोललो, कारण तुझा आवाज ऐकून मला भीती वाटली. नंतर लाज वाटली म्हणून गप्प राहिलो...' वगैरे. टाकला आणि झोपलो. चांगली झोप लागली, हे कबूल करतो.

पुढे काय, ते कळायचा मार्ग उरला नव्हता. वाचनिकांच्या चाळीस ईमेल आल्या, सगळ्यांना माझी कबुली उद्बोधक वाटली. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी, मी एका पाणीयोजनेच्या मोटारीशी झटत असताना, फोन वाजला.

"प्रसन्न तारळेकरच ना? मी जिनदत्तची आई बोलतेय. वळख आहे का अजून?"

मी खुर्चीतून उभा राहिलो. "काकू!"

"रविवारी ये जयसिंगपूरला. पाचच्या आत पोच बघ. आमच्यात जेवणं लवकर असतात, तुला माहीतच आहे."

"काकू, जिनदत्तने बोलावलंय?"

"मी बोलावलंय," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी एसटीने गेलो. विजेवरची बस, आवाज नाही, त्यामुळे मी पुटपुटत घोकत होतो ती माफी शेजारच्यालाही ऐकू गेली. दार जिनदत्तने उघडलं. डोक्यावरचे केस गेलेले, बाकी तोच. बाजूला सरून त्याने मला आत येऊ दिलं आणि स्वयंपाकघराकडे निघून गेला. घरात तो आणि आई दोघंच होती. त्याची बायको लेकीकडे बेळगावला गेली होती.

काकू चौऱ्याऐंशीच्या. काटक. नाकावर फिरत्या नंबराचा चष्मा. मी वाकून नमस्कार केला.

"बस की. उभा का? पाट देऊ का खुर्ची? खुर्चीच बरी, गुडघे तुझेपण गेले असतील."

ताटं वाढली. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. जिनदत्त माझ्या समोर बसला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "आई, त्याला विचार, भाजी तिखट लागेल का."

"तो तुझ्यापुढ्यात बसलाय."

"तू विचार."

"चालेल," मी म्हणालो. "जिनदत्त, मी लिहिलेलं तू वाचलंस ना? मला तोंडानंही सांगायचंय—"

"आई, त्याला सांग, मी त्याचा ब्लॉग चौदा वर्षांत उघडलेला नाही. परवा तू फोन नाकापुढं धरलास, म्हणून ते अकरा ओळींचं वाचलं. त्याच्या आधीचं काही नाही."

मला कळेना. "मग रोज दिवेलागणीला कोण वाचत होतं?"

काकूंनी त्याच्या ताटात भाकरी वाढली, माझ्या ताटात वाढली, आणि स्वतःच्या खुर्चीत बसल्या.

"मी," त्या म्हणाल्या. "मी सोडलाच नव्हता. हे गेल्यावर तुमचं दोघांचं भांडण झालं असेल, माझं कुठं झालं होतं? जेवण झालं की वाचत बसते. मिक्सरचं बरं लिहितोस. कीबोर्डचं मेलं काही कळत नाही."

मी खालच्या मानेनं म्हणालो, "काकू, तुमचीही माफी मागायला हवी. आण्णांचं सगळं माझ्यामुळे गेलं."

"आण्णांचं नव्हे."

"म्हणजे?"

"अरे, त्यांना टाइप कुठं येत होतं?"

"ते माहीत आहे," जिनदत्त म्हणाला. "आण्णा सांगायचे, तू टाइप करायचीस."

"सांगायचे. पहिले दोन महिने. मग मी लेख मोठ्यानं वाचायला लागले, की दुसऱ्या पानावर त्यांचा डोळा लागायचा. मी वाट बघायची, हाक मारायची. तिकडं तुम्ही दोघं पोरं ताटकळत बसलेली. मग मीच लिहून टाकायची आणि खाली त्यांचं नाव. मी पण जुनी अकरावी आहे. मला कळत नव्हतं होय, तुमचा परिच्छेद कुठं भरकटला ते?"

जिनदत्तने ताट बाजूला सारलं.

"आई. किती?"

"काय किती?"

"तुझ्या किती होत्या?"

"निम्म्या म्हटलं तर खोटं होईल," काकू म्हणाल्या. "पाऊण. रागावलेल्या सगळ्या माझ्या. ते कुणाला रागावायचे नाहीत. तुला कधी रागावले होते?"

मला एकदम हसू फुटलं आणि ते दाबताना ठसका लागला. वर्षानुवर्षं आम्ही ज्या खरडपट्टीला आण्णांचा करडा स्वभाव समजून घाबरत होतो, ती या बाई चुलीपाशी बसून लिहीत होत्या. पण जिनदत्तकडे बघितलं आणि हसू गेलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू मला सांगितलं नाहीस."

"कधी सांगू? तू त्यांच्या फोटोपुढं बसून रडत होतास, आण्णांचं सगळं गेलं म्हणून. तेव्हा म्हणू, की बाबा, ते माझं होतं? तुझं उरलंसुरलं पण काढून घेऊ? म्हटलं, नंतर सांगू. नंतर नंतर म्हणत चौदा वर्षं झाली. यालाही झालीच की." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "त्या हयगयीवर मी लई चिडले होते. म्हटलं, आता हा काही सांगत नाही, वाचायचंच नाही याचं. तरी राहवेना, एकदा उघडलं, तर त्या अकरा ओळी. मग मला झोप लागेना. हा परका पोर सांगून मोकळा झाला, मी आई असून गप्प बसलेली."

बाहेर उन्हं उतरायला लागली होती. जिनदत्त ताटावरची नजर काढत नव्हता. मला वाटलं, आता हा उठून जाणार. मी आलो होतो मित्र परत मिळतो का बघायला, आणि त्याच्या हातात होते नव्हते तेवढे वडीलही घेऊन चाललो होतो.

मग तो हळूच म्हणाला, "पुण्याची नोकरी सोडून मी इकडं आलो, त्यावर लिहिलं होतं. त्याच्या खालची?"

"कुठली रे?"

"'निर्णय विचारपूर्वक घेतला आहेस. लेखही नीट उतरला आहे. हे मी घरी बोललो नाही आणि बोलणारही नाही, म्हणून इथे लिहिले.'" त्याने न अडखळता म्हटली. पाठ होती. "आण्णा त्या वर्षभरात माझ्याशी त्यावर एक अक्षर बोलले नव्हते. ती तुझी का त्यांची?"

काकूंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. मला त्यांच्या डोळ्यांकडे बघण्याची सहा महिन्यांची सवय लागली होती. मी मुद्दाम ताकाच्या वाटीकडे बघत राहिलो.

"पहिली दोन वाक्यं माझी," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, यांनी एकदा तरी म्हणावं. म्हणत नव्हते, म्हणून मी लिहिलं. पण तेवढी एक गोष्ट यांच्या नावावर गुपचूप घालायला हात धजेना. म्हणून उठवलं, वाचून दाखवलं. म्हटलं, जाऊ दे का असं? कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, खाली अजून एक वाक्य घाल. ते शेवटचं. ते त्यांचं आहे. अक्षर न् अक्षर त्यांचं."

जिनदत्तने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. मीही पुसले, लपवायचं काही कारण नव्हतं. काकू उठल्या आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

"दिवस चाललाय. जेवा आधी दोघं. रडायला रात्र पडलीय."

आम्ही खाली माना घालून भराभरा जेवलो, हॉस्टेलमध्ये जेवायचो तसे. ताक संपवून जिनदत्त हात धुवायला उठला. मोरीपाशी माझ्याकडे पाठ करूनच तो बोलला, पण या वेळी आईला मध्ये न घेता.

"लॅपटॉप आणलायस?"

"आणलाय."

"प्रतिक्रियांची सोय परत चालू करायची. आत्ताच. आणि आईचं खातं तिच्या नावानं काढायचं. सुलोचना मगदूम, पूर्ण नाव."

"करतो की."

"तू नाही. तू नुसता शेजारी बसायचं." त्याने टॉवेल माझ्या अंगावर फेकला. "तारळ्या, बॅकअप मी घेणार."